खर्ड्याची एकी आणि कैरोचा करार

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे ऋषिपंचमीला, तासगावचा रथ निघतो. परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधलेल्या गणपती मंदिरापुढे उभ्या असलेल्या त्या रथाला जाड दोर बांधलेले असतात आणि आजूबाजूच्या गावांतून आलेली माणसे ते दोर खांद्यावर घेतात. ज्यांनी हा सोहळा पाहिला आहे, त्यांना एक गोष्ट ठाऊक असेल. नुसती गर्दी झाली म्हणून रथ हलत नाही. दोर सगळ्यांनी एकाच वेळी आणि एकाच दिशेने ओढावा लागतो. नाहीतर हात हजार आणि रथ जागच्या जागी, अशी गत होते.

शेजारी राज्यांच्या संघटनेचेही असेच असते. एक भाषा, एक इतिहास, एक शत्रू, एवढे असले की एकी होईल असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात करार होतो, सह्या होतात, मेजवान्या होतात आणि रथ मात्र हलत नाही. हे असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना जगात ज्या संघटनेचे नाव हमखास घेतले जाते, ती म्हणजे अरब राष्ट्रांची संघटना, अरब लीग. तिचा जन्म १९४५ सालचा, कैरो शहरातला. पण तिची कहाणी सांगायला मला कैरोला जाण्याची घाई नाही. आधी तासगावातच थोडे थांबू. कारण अरब लीगच्या दीडशे वर्षे आधी एका मोठ्या एकीचे सेनापतीपद याच गावच्या माणसाकडे होते, आणि अरब लीगच्या जन्मानंतर तीन वर्षांच्या आत दुसऱ्या एका संघाचा निकाल याच परिसरात लागला.

पहिली गोष्ट खर्ड्याची. ११ मार्च १७९५ रोजी हल्लीच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील खर्डा येथे मराठे आणि हैदराबादचा निजाम यांची गाठ पडली. मराठी फौजांचे सेनापती होते तासगावचे परशुरामभाऊ. त्यांच्या हाताखाली कोण कोण होते? दौलतराव शिंदे, तुकोजी होळकर, नागपूरकर रघूजी भोसले आणि बडोद्याच्या गायकवाडांचे पथक. महादजी शिंदे वर्षभरापूर्वीच वारले होते आणि सगळ्यांना एका जागी आणण्याची कसरत पुण्यात बसून नाना फडणीस करीत होते. लढाई तशी थोडक्यात आटोपली. निजाम खर्ड्याच्या गढीत कोंडला गेला आणि तह करून सुटला.

परंतु पेशव्यांच्या जरिपटक्याखाली सगळे मोठे सरदार एकत्र आल्याचा हा शेवटचाच प्रसंग ठरला. त्याच वर्षी ऑक्टोबरात सवाई माधवरावांचा मृत्यू झाला. गादीवर कोणाला बसवायचे यावरून पुण्यात जे राजकारण माजले, त्यात स्वतः परशुरामभाऊही गुरफटले. कधी नानांच्या बाजूने, कधी विरुद्ध, कधी कैदेत, असे दिवस त्यांच्या वाट्याला आले. १७९९ साली पट्टणकुडीजवळ करवीरकरांच्या फौजेशी लढताना ते पडले. निजामाला खर्ड्यावर नमविणारा सेनापती अखेर मराठ्यांच्याच आपसातल्या लढाईत कामी आला. पुढच्या वर्षी नानाही गेले.

त्यानंतरचा हिशेब तारखांनीच मांडता येतो. १८०२च्या अखेरच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने वसईस इंग्रजांशी स्वतंत्र तह केला. १८०३ साली असईच्या रणांगणावर शिंदे आणि भोसले लढले, पण यशवंतराव होळकर बाजूला राहिले. त्याच डिसेंबरात भोसल्यांनी देवगावला आणि शिंद्यांनी सुर्जी-अंजनगावला वेगवेगळे तह केले. होळकर १८०४ साली लढायला उठले, तेव्हा बाकीचे बसले होते. १८०५च्या डिसेंबरात त्यांनीही राजघाटचा तह केला. शत्रू एक, पण लढाया तीन आणि तहही तीन. पेशवाई बुडाल्यावर १८१९ साली कंपनीने पटवर्धनांच्या शाखांशीही असेच वेगवेगळे करार केले. पुढे १८४८ साली पुरुष वारस नाही म्हणून तासगावची जहागीर खालसा झाली आणि हे गाव इंग्रजी मुलखात, सातारा जिल्ह्यात गेले.

हे चित्र डोळ्यांसमोर ठेवून आता कैरोला जाऊ.

पहिल्या महायुद्धात तुर्कांचे ऑटोमन साम्राज्य कोसळले आणि त्याच्या अरबी भाषक मुलखाचे तुकडे इंग्रज आणि फ्रेंच यांनी आपसात वाटून घेतले. इराक, पॅलेस्टाईन आणि ट्रान्सजॉर्डन इंग्रजांकडे, तर सीरिया आणि लेबनॉन फ्रेंचांकडे गेले. इजिप्तला १९२२ साली नावाचे स्वातंत्र्य मिळाले, पण इंग्रजी फौज तेथेच राहिली. दुसऱ्या महायुद्धात अरब जनतेची सहानुभूती आपल्याकडे राहावी, ही इंग्रजांची गरज होती. मे १९४१मध्ये ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री अँथनी ईडन यांनी एका भाषणात अरबांच्या एकीला आपल्या सरकारचा पाठिंबा जाहीर केला. त्यामुळे अरब लीग ही इंग्रजांचीच निर्मिती, असा आरोप पुढे अनेकदा झाला. तो अर्धाच खरा आहे. एकीची आस अरबी सुशिक्षितांच्या मनात त्याआधी कितीतरी वर्षे होती. इंग्रजांनी दार किलकिले केले, इतकेच.

पण एकी म्हणजे नेमके काय, याविषयी प्रत्येकाच्या मनात वेगळे चित्र होते. इराकचे नुरी अल सईद यांना सीरिया, लेबनॉन, पॅलेस्टाईन आणि ट्रान्सजॉर्डन यांचे एक राज्य होऊन त्याला इराक जोडला जावा असे वाटे. ट्रान्सजॉर्डनचे अमीर अब्दुल्ला यांना ‘मोठा सीरिया’ हवा होता आणि त्याच्या गादीवर अर्थातच स्वतः. सौदी अरेबियाच्या राजाचे या हाशेमी घराण्याशी जुने वैर, म्हणून त्याला या दोन्ही योजना नकोत. लेबनॉनमधील ख्रिस्ती समाजाला मोठ्या मुस्लिम राज्यात आपण बुडून जाऊ ही धास्ती. आणि इजिप्तला पुढारीपण हवे, पण कोणाच्या राज्यात विलीन व्हायचे नाही. खर्ड्याच्या आधी नानांनी केलेली कसरत येथे इजिप्तचे पंतप्रधान नह्हास पाशा यांना करावी लागली.

१९४४च्या सप्टेंबरअखेर अलेक्झांड्रिया शहरात बैठक भरली आणि ७ ऑक्टोबरला मसुद्यावर सह्या झाल्या. दुसऱ्याच दिवशी इजिप्तच्या राजा फारूकने नह्हास पाशांना पदावरून दूर केले. एकीचा मसुदा जुळवणाऱ्याची ही गत! मसुद्याचे पक्के करारात रूपांतर होईपर्यंत त्यातली धारही बरीच बोथट झाली. २२ मार्च १९४५ रोजी कैरोत अरब लीगचा करार झाला. इजिप्त, इराक, सीरिया, लेबनॉन, ट्रान्सजॉर्डन आणि सौदी अरेबिया यांनी सह्या केल्या, आणि मे महिन्यात येमेनने. असे सात संस्थापक. इजिप्तचे अब्दुल रहमान अझ्झाम पहिले सरचिटणीस झाले. लक्षात घ्या, संयुक्त राष्ट्रसंघाची सनद मंजूर होण्याच्या तीन महिने आधीची ही गोष्ट आहे. नव्या स्वतंत्र होऊ घातलेल्या देशांची अशी संघटना तेव्हा दुसरी नव्हती.

या करारातले एक कलम मात्र मुळातून समजून घेतले पाहिजे, कारण पुढचे सगळे यशापयश त्यात साठले आहे. सातव्या कलमानुसार, परिषदेने एकमताने केलेला ठराव सर्वांना बंधनकारक होता. बहुमताने केलेला ठराव, जे त्याला मान्यता देतील त्यांनाच बंधनकारक. म्हणजे ज्याला पटले त्याने पाळावे, ज्याला पटले नाही त्याने घरी जावे. आपल्याकडे एखाद्या सहकारी सोसायटीच्या पोटनियमात असे लिहिले की, वर्गणी ज्याला द्यावीशी वाटेल त्यानेच द्यावी, तर ती सोसायटी किती दिवस चालेल? अरब पुढाऱ्यांना हे कळत नव्हते असे नाही. पण नुकते मिळालेले किंवा मिळू घातलेले राज्य दुसऱ्याच्या हाती द्यायला कोणीच तयार नव्हते.

पहिली कसोटी तीनच वर्षांत आली. १४ मे १९४८ रोजी इस्रायलची स्थापना झाली आणि दुसऱ्या दिवशी इजिप्त, ट्रान्सजॉर्डन, सीरिया, लेबनॉन आणि इराक यांच्या फौजा पॅलेस्टाईनमध्ये शिरल्या. कागदावर सरसेनापती होते राजे अब्दुल्ला. प्रत्यक्षात प्रत्येक फौज आपापल्या राजधानीकडे पाहत होती. अब्दुल्लांचे लक्ष जॉर्डन नदीच्या पश्चिम तीरावर होते, तर तो मुलूख अब्दुल्लांना मिळू नये याची चिंता इजिप्तला होती. परिणाम काय झाला? १९४९ साली फेब्रुवारीत इजिप्तने, मार्चमध्ये लेबनॉनने, एप्रिलमध्ये जॉर्डनने आणि जुलैत सीरियाने इस्रायलशी वेगवेगळे युद्धविराम करार केले. देवगाव, सुर्जी-अंजनगाव आणि राजघाट यांची आठवण व्हावी असाच हा प्रकार. मधल्या मध्ये सुमारे सात लाख पॅलेस्टिनी माणसे घरादाराला मुकली. त्यांच्या घरांच्या किल्ल्या त्यांच्या नातवंडांनी आजही जपून ठेवल्या आहेत.

पुढच्या काळातही हा दोष सुटला नाही. १९५० साली संयुक्त संरक्षणाचा करार झाला, पण संयुक्त सैन्य कधी उभे राहिले नाही. १९७९ साली इजिप्तने इस्रायलशी एकट्यानेच शांतता करार केला, तेव्हा त्याचे सदस्यत्व स्थगित झाले आणि लीगची कचेरी कैरोहून ट्युनिसला हलली. दहा वर्षांनी, १९८९ साली, इजिप्तला पुन्हा आत घेतले गेले. १९९० साली इराकने कुवेत गिळले, म्हणजे एका सदस्याने दुसऱ्याला. कैरोच्या तातडीच्या बैठकीत २१ सदस्यांपैकी केवळ १२ जणांनी सैन्य पाठविण्याच्या बाजूने मत दिले आणि कुवेत सोडविले ते अमेरिकेच्या पुढाकाराखालील फौजांनी. २०११च्या नोव्हेंबरात सीरियाला निलंबित केले आणि २०२३च्या मे महिन्यात परत घेतले. मधल्या बारा वर्षांत तेथील यादवी थांबविणे लीगला साधले नाही. गाझाच्या ताज्या संहारातही ठराव झाले, शिखर बैठका झाल्या, मार्च २०२५मध्ये पुनर्बांधणीची योजनाही मंजूर झाली. पण बाँबवर्षाव थांबविण्याची ताकद त्या ठरावांत नव्हती.

मग ही संघटना निरुपयोगीच म्हणायची का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. १९६१ साली इराकने कुवेतवर हक्क सांगितला, तेव्हा लीगने अरब सैनिकांचे पथक पाठवून इंग्रजी फौजेची जागा घेतली आणि संकट टळले. १९७४च्या रबात परिषदेत पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेला पॅलेस्टिनी जनतेचा एकमेव प्रतिनिधी म्हणून मान्यता मिळाली आणि एका बेघर समाजाला जगाच्या व्यासपीठावर आवाज लाभला. २००२ साली बैरूतमध्ये संपूर्ण अरब जगाने मिळून इस्रायलपुढे शांततेचा प्रस्ताव ठेवला. शिक्षण, ग्रंथ आणि हस्तलिखिते यांसाठी लीगची एक संस्था १९७०पासून काम करते. अरबसॅट हा दूरसंचार उपग्रहांचा उपक्रम १९७६ सालचा. सदस्यांची संख्या सातावरून २२वर गेली. वसाहतवादातून सुटणाऱ्या छोट्या देशांना ‘तुम्ही एकटे नाही’ हे सांगणारे घर म्हणून लीगचे मोल आहेच. पण घर म्हणजे किल्ला नव्हे, हे मात्र पुन्हा पुन्हा दिसले.

आता परत आपल्या मुलखात येऊ, कारण अरब राजे कैरोत बसले होते त्याच सुमारास आपल्याकडचे राजेही हाच प्रश्न सोडवीत होते.

१९४५ सालचा आपला भाग कसा होता, याची आजच्या तरुणांना कल्पना येणार नाही. तासगावहून सांगलीला निघालेला माणूस, अंतर पंचवीसेक किलोमीटर, पण तो इंग्रजी मुलखातून निघे, बुधगावला मिरज मळा अर्थात धाकट्या पातीच्या राजधानीतून जाई आणि सांगली संस्थानात उतरे. दुसऱ्या अंगाला कुंडल गाव औंध संस्थानात. आटपाडीही औंधाची. औंध राजधानी मात्र तिसरीकडेच, दूर साताऱ्याच्या बाजूला. गोधडीला ठिगळे लावावीत तशी ही संस्थाने एकमेकांत विखुरली होती. बेचाळीसच्या चळवळीतल्या कार्यकर्त्यांना या सरहद्दींचा उपयोगही झाला. ३ सप्टेंबर १९४२ रोजी तासगावच्या मामलेदार कचेरीवर मोठा मोर्चा गेला. पुढे क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार या भागात उभे राहिले, तेव्हा इंग्रजी पोलीस मागे लागले की औंधाच्या हद्दीत सटकणे भूमिगतांच्या सवयीचे झाले होते. पण सामान्य शेतकऱ्याला आणि व्यापाऱ्याला या हद्दी म्हणजे डोकेदुखीच. कायदा वेगळा, कर वेगळा, कचेरी वेगळी.

इंग्रज जाणार हे दिसू लागल्यावर या छोट्या राजांपुढे प्रश्न उभा राहिला. एकेकट्याने टिकणे शक्य नाही. मग आपसात संघ करावा का? यात पुढाकार होता औंधचा. औंधचे राजे भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी आणि त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत यांनी १९३८-३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने आपले राज्य प्रजेच्या हाती सोपविणारी घटना केली होती. गावपंचायत हा त्या घटनेचा पाया. त्यामुळे औंधाच्या शब्दाला नैतिक वजन होते. जुलै १९४६मध्ये दक्षिणी संस्थानांच्या काही राजांनी पुण्यात गांधीजींची भेट घेतली आणि संघाची कल्पना मांडली. गांधीजींचे म्हणणे थोडक्यात असे होते की, राजांनी आपसात संघ करून भागणार नाही, आधी प्रजेचे मत घ्या आणि संस्थानी प्रजेच्या चळवळीचे नेते जवाहरलाल नेहरू यांचा सल्ला घ्या.

हा सल्ला साधा वाटतो, पण सगळी गोम त्यात आहे. अलेक्झांड्रियाला किंवा कैरोला हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. तेथे राजे आणि पंतप्रधान बसले, सह्या झाल्या आणि लोकांनी वर्तमानपत्रात वाचले.

१९४७ साली औंध, भोर, फलटण, सांगली, मिरज, कुरुंदवाड, रामदुर्ग अशा संस्थानांच्या राजांनी संघाचा करारनामा केला आणि संघाची घटना बनविण्यासाठी लोकप्रतिनिधींची घटना समिती आली. पण या समितीत बसलेल्या माणसांना नकाशा दिसत होता. संघाचा मुलूख एकसलग नव्हता. मध्ये मध्ये इंग्रजांकडून मुंबई प्रांताला आलेले तालुके होते, तासगाव त्यांतलाच एक. कोल्हापूर संघाबाहेर राहिले. जमखंडीने संघाची वाट न धरता थेट मुंबई प्रांतात सामील होण्याचे ठरविले. दक्षिणी संस्थानांतली प्रजा परिषदेची चळवळ १९२०च्या दशकापासून जबाबदार राज्यपद्धती मागत होती. तिच्या कार्यकर्त्यांना आता प्रश्न पडला की, राजांचा संघ करून आणखी एक छोटे राज्य कशाला? दिल्लीत सरदार पटेल आणि त्यांचे सचिव व्ही. पी. मेनन विलीनीकरणाचा आग्रह धरून होतेच. अखेर संघ करण्यासाठी नेमलेल्या समितीचाच कल विलीन होण्याकडे झुकला. गांधीहत्येनंतर या भागात उसळलेल्या जाळपोळीनेही छोट्या संस्थानांची दुर्बळता उघडी पडली. ८ मार्च १९४८ रोजी कोल्हापूर वगळता बाकी दक्षिणी संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. कोल्हापूर पुढच्या वर्षी, १ मार्च १९४९ला आले. १९४९ सालीच तासगाव, सांगली, मिरज यांना एकत्र करून दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले.

श्रोतेहो, ही तुलना पुरती बरोबरीची नाही, याची मला जाणीव आहे. पटवर्धनांची संस्थाने म्हणजे इराक किंवा इजिप्त नव्हेत. आपल्या राजांच्या डोक्यावर दिल्लीचे भक्कम सरकार होते, अरब राजांवर तसे कोणी नव्हते. शिवाय विलीनीकरण हे सर्व रोगांवरचे औषध आहे, असेही मला सुचवायचे नाही. अरब जगात तो प्रयोगही झाला. फेब्रुवारी १९५८मध्ये इजिप्त आणि सीरिया यांचे संयुक्त अरब प्रजासत्ताक झाले, लोकांनी रस्त्यावर येऊन आनंद साजरा केला. पण सगळी सत्ता कैरोकडे एकवटली आणि दमास्कसच्या वाट्याला हुकूम पाळणे उरले. साडेतीन वर्षांत, सप्टेंबर १९६१मध्ये, सीरिया बाहेर पडला. आणि १९९० साली सद्दाम हुसेननेही कुवेतचे ‘विलीनीकरण’च केले होते, रणगाडे घालून.

आपल्याकडेही विलीनीकरणात काही गमावलेच. औंधच्या गावपंचायतींना जे अधिकार मिळाले होते, ते नव्या व्यवस्थेत तसेच राहिले नाहीत. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा यायला १९६२ साल उजाडले. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत जमखंडी, मुधोळ, रामदुर्ग हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. तासगावच्या घराण्याचीच एक शाखा जमखंडीला होती. एकाच घराण्याच्या दोन गावांमध्ये आज राज्याची सीमा आहे.

तरीही एक फरक ठळक दिसतो, आणि तो पाण्याच्या उदाहरणाने सांगतो. १९७५ साली सीरिया युफ्रेटिस नदीवरच्या तबका धरणात पाणी साठवीत होता, तेव्हा खाली इराकमध्ये शेते सुकू लागली. इराकने तक्रार अरब लीगकडे नेली. लीगने तांत्रिक समिती नेमली, तर सीरिया समितीतून उठून गेला. दोन्हीकडच्या फौजा सरहद्दीवर आल्या आणि सौदी अरेबियाने मध्यस्थी केली म्हणून युद्ध टळले. दोघेही अरब, दोघेही लीगचे संस्थापक, आणि दोन्हीकडे सत्ता बाथ नावाच्याच पक्षाची! आता आपल्याकडे पाहा. म्हैसाळ, ताकारी आणि टेंभू या योजनांतून कृष्णेचे पाणी उपसून दुष्काळी तालुक्यांकडे नेले जाते. तासगावच्या द्राक्षबागांना आणि पर्यायाने तासगावच्या बेदाण्याला या पाण्याचा आधार आहे. हे कालवे जुन्या सांगली, मिरज, औंध, जत संस्थानांच्या हद्दी ओलांडून जातात. योजनांना उशीर झाला, वीजबिलांवरून भांडणे झाली, आवर्तनासाठी मोर्चे निघाले, हे सगळे खरे. पण ते भांडण एका राज्यातल्या नागरिकांचे आहे. आटपाडीच्या शेतकऱ्याला त्यासाठी परराष्ट्रमंत्री लागत नाही. या हद्दी १९४८ साली पुसल्या गेल्या नसत्या, तर या पाण्यासाठी किती करार करावे लागले असते, याचा विचार करून पाहावा.

संघटना परिणामकारक होते ती तीन गोष्टींनी. ठराव झाला की तो न पटलेल्यालाही पाळावा लागला पाहिजे. खर्च आणि झीज सगळ्यांनी सोसली पाहिजे. आणि ज्यांच्या नावाने एकी करायची, त्या माणसांना विचारलेले असले पाहिजे. खर्ड्याच्या एकीत पहिल्या दोन गोष्टी काही आठवड्यांपुरत्या होत्या, त्याही नाना आणि परशुरामभाऊ यांच्या हिमतीवर. माणसे गेली, एकी गेली. कैरोच्या करारात संस्था उभी राहिली, ती आजही आहे, पण ठराव पाळण्याचे बंधन नव्हते आणि लोकांना विचारलेले नव्हते. दक्षिणी संस्थानांच्या बाबतीत मात्र लोकांना विचारण्याची वेळ आली, तेव्हा राजांनी ठरविलेला संघच मागे पडला आणि वेगळेच काही घडले.

या दृष्टीने पाहिले तर अरब लीगचे अपयश हे अरब माणसाचे अपयश नाही. कैरोपासून बगदादपर्यंत एकाच गायिकेची गाणी ऐकणारा, एकाच लिपीत पत्र लिहिणारा आणि पॅलेस्टाईनच्या दुःखाने कळवळणारा तो समाज एकीला नालायक होता, असे कोण म्हणेल? ती एकी राजवाड्यांच्या आत कोंडून ठेवली गेली, हे खरे दुखणे. एकीच्या भाषणांनी भारावून जाताना आपणही हे लक्षात ठेवलेले बरे. कोणी नवी आघाडी, नवा संघ, नवा करार घेऊन समोर आला, तर आधी सातव्या कलमासारखे कलम त्यात कुठे दडले आहे ते शोधावे.

येत्या ऋषिपंचमीला तासगावला जमले तर जरूर या. मंदिराचे उंच गोपूर पाहा. निजामाला नमविणाऱ्या आणि घरच्या भांडणात प्राण गमावणाऱ्या परशुरामभाऊंची आठवण ठेवा. आणि रथ निघाला की नुसते बघत उभे राहू नका, दोराला हात लावा.